सैनिकाला पटलेलं असतं का, आणि आपल्याला?



गेल्या आठवड्यात स्वाध्यायात अहिंसाणुव्रत चाललं होतं आणि बोलता बोलता विषय सैन्याकडे वळला. एका ताईंनी सरळ विचारलं, "लढायला पाठवतात त्या पोराला आपण कशासाठी लढतोय ते पटलेलं असतं का?" दुसऱ्या म्हणाल्या, "पटल्याशिवाय कुणी जीव देईल का?" तिसऱ्या म्हणाल्या, "पोटासाठी जातात हो, पटायचं काय त्यात." वेळ झाली, विषय तिथेच राहिला. पण प्रश्न मोठा आहे, म्हणून माझं मत इथे सविस्तर लिहिते.

मत आधीच सांगून टाकते. सैनिकाला मोहीम पटलेली असतेच असं नाही. पुष्कळदा त्याला कुणी विचारतही नाही, आणि विचारण्याची सोयही नाही. योग्य-अयोग्य पटवून घेण्याचं काम ज्यांच्या नावाने तो जातो त्यांचं आहे. म्हणजे तुमचं आणि माझं.

आता हे कशावरून, ते सांगते.

भरती झालेला मुलगा प्रशिक्षण संपल्यावर कसम परेडमध्ये शपथ घेतो. जमिनीवरून, समुद्रातून किंवा आकाशातून, जिथे हुकूम होईल तिथे जाईन. जिवाला धोका असला तरी वरिष्ठांची आज्ञा पाळीन. त्यात "मला पटलं तर" असा शब्द नाही, आणि नसणारच. प्रत्येक जवान पटवून घेत बसला तर फौज चालायची नाही. आर्मी ॲक्ट १९५० प्रमाणे कायदेशीर हुकूम मोडणं हा गुन्हा आहे. "कायदेशीर" हा एक शब्द तेवढा महत्त्वाचा. निरपराध माणसाला मार, घर लूट, असा हुकूम पाळण्याचं बंधन त्याच्यावर नाही. पण कोणत्या देशात जायचं, कोणाशी लढायचं, कधी थांबायचं, हे त्याच्या हातात नाही.

मग तो जातो कशासाठी? पहाटे सेलू रोडवर धावणारी पोरं तुम्ही पाहिली असतील. थंडी असो, धुकं असो, सोळाशे मीटरची वेळ लावत धावतात. घरी दोन-तीन एकर कोरडवाहू, कापूस आणि सोयाबीन, त्यात पावसाचा भरवसा नाही. त्यांना कुणी परराष्ट्र धोरण विचारत नाही. पक्का पगार, अंगावर वर्दी, गावात मान, बहिणीच्या लग्नाला आधार, हे त्यांचं गणित. २०२२ पासून अग्निपथ योजना आली. चार वर्षं नोकरी, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम, बाकीचे सेवानिधीचे सुमारे पावणेबारा लाख घेऊन परत. तरीही पोरं धावतातच. यात कमीपणा काही नाही. आपलीही मुलं नोकरी बघताना कंपनीचं ध्येय-धोरण वाचत नाहीत, पॅकेज बघतात.

आणि मान ही काही लहान गोष्ट नव्हे. इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद केली. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हे स्वतः सैन्यात सुभेदार होते, त्यामुळे त्या दाराचं मोल त्या घराला माहीत होतं. पुढे १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. गावात ज्याला पाणवठ्यावर येऊ देत नव्हते त्याला तिथे हातात बंदूक आणि खांद्यावर पट्टी मिळाली. तो इंग्रजांच्या साम्राज्यावर श्रद्धा ठेवून गेला असेल का? तो माणूस म्हणून उभं राहायला गेला.

आता थोडं मागे जाऊ. पहिल्या महायुद्धात सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ ही फौज कुत अल-अमारा या गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकली. धान्य संपत आलं तेव्हा घोडे मारून त्यांचं मांस वाटायला सुरुवात झाली. बहुतेक हिंदी शिपायांनी ते घ्यायला नकार दिला. धर्मात बसत नाही म्हणाले आणि उपाशी राहिले. मग हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगी मागवावी लागली. शेवटी एप्रिलमध्ये भुकेने हैराण झाल्यावर बऱ्याच जणांनी ते खाल्लं. २९ एप्रिलला सुमारे तेरा हजारांची ती फौज शरण गेली आणि कैदेत त्यातले हजारो मेले.

मला या हकिकतीत एक गोष्ट लक्षात राहिली. ताटात काय पडतं याबद्दल त्या माणसाला पक्कं मत होतं आणि त्यासाठी तो उपाशी राहायला तयार होता. टायग्रिस नदीकाठी आपण कोणाच्या तेलासाठी मरतोय, याबद्दल त्याला कुणी मत विचारलंच नव्हतं. त्या काळात फ्रान्सहून शिपायांनी घरी लिहिलेली पत्रं सेन्सॉर उघडून वाचायचे, म्हणून त्यातली बरीच आज वाचायला मिळतात. त्यात साम्राज्याच्या ध्येयाचं तत्त्वज्ञान शोधून फारसं सापडत नाही. सापडतं ते मीठ, इज्जत, पलटणीचं नाव. खाल्ल्या मिठाला जागायचं, एवढंच. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागलं ते अशाच घराघरांतून गेलेल्या माणसांमुळे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञांनी हजारो सैनिकांना प्रश्न विचारून अभ्यास केला. सॅम्युअल स्टाऊफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९४९ साली प्रसिद्ध केला. निष्कर्ष काय, तर मोठमोठ्या ध्येयांपेक्षा सैनिकाला टिकवून धरतात दोन गोष्टी: काम संपवून घरी जायची ओढ आणि शेजारच्या सोबत्याला दगा द्यायचा नाही ही भावना. आमच्या तिसऱ्या ताई "पोट" म्हणाल्या ते भरती होईपर्यंत खरं. गोळ्या सुटू लागल्या की पोट मागे पडतं आणि शेजारचा भाऊ पुढे येतो.

पण पटत नाही हे मनात साठत गेलं तर काय होतं, तेही आपल्या मुंबईने पाहिलं आहे. १८ फेब्रुवारी १९४६ ला 'तलवार' या नौदलाच्या संदेश-प्रशिक्षण केंद्रात खलाशांनी खराब जेवण घ्यायचं नाकारलं. वरचे गोरे अधिकारी शिव्या देऊन बोलायचे, पगार कमी, वागणूक हलकी. बघता बघता संप पसरला, ७८ जहाजं आणि सुमारे वीस हजार खलाशी त्यात आले. मुंबईचे गिरणी कामगार त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले, गोळीबारात पुष्कळ माणसं गेली. २३ फेब्रुवारीला सरदार पटेलांच्या आणि जिनांच्या सल्ल्याने खलाशांनी संप मागे घेतला. नुसत्या वाईट वरणामुळे वीस हजार माणसं उठत नाहीत. ज्याच्यासाठी मरायचं ते राज्य आपलं नाही, हे आत कुठेतरी पटलेलं होतं, वरणाने फक्त तोंड उघडलं.

स्वतंत्र भारतात पटण्या-न पटण्याचा सगळ्यात अवघड प्रसंग माझ्या मते श्रीलंकेचा. तुमच्यापैकी ज्या माझ्या वयाच्या आहेत त्यांना दूरदर्शनच्या बातम्या आठवत असतील. २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि जयवर्धने यांचा करार झाला आणि आपली शांतिसेना तिथे गेली. नावच शांतिसेना. काम काय, तर तमिळ बंडखोरांची शस्त्रं जमा करून घ्यायची आणि तमिळ जनतेला आधार द्यायचा. ऑक्टोबर उजाडेपर्यंत त्याच बंडखोरांशी, एलटीटीईशी, युद्ध सुरू झालं. ज्यांचं रक्षण करायला गेलो त्यांच्याच गल्लीबोळांतून गोळ्या येऊ लागल्या. सिंहली लोकांना ही फौज परकी, तमिळांना शत्रू. शांतता राखायला पाठवलेल्या जवानाने काय पटवून घ्यायचं?

मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन आठव्या महार बटालियनमध्ये होते. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला. छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून घेतली आणि शेवटच्या श्वासापर्यंत जवानांना सूचना देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ही मोहीम बरोबर होती की चूक, यावर आजही वाद होतो. त्यांच्या शौर्यावर वाद नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता यायला हव्यात, आणि आपल्याला नेमकं तेच जमत नाही.

त्या मोहिमेत अकराशेहून अधिक भारतीय जवान गेले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री स्वागताला गेले नाहीत. देश तो विषय विसरायला निघाला होता. धोरण फसलं, आणि त्याची शिक्षा हुकूम पाळणाऱ्याला मिळाली.

आता कुणी म्हणेल, मग श्रद्धा असलेला सैनिक बरा. ज्याला पूर्ण पटलं आहे तो खरा. इथे आपण मराठवाड्यातल्या माणसांनी जरा थांबावं. आपल्या घराघरांतून रझाकारांच्या गोष्टी ऐकतच आपण मोठ्या झालो. दागिने पुरून ठेवणं, रातोरात गाव सोडून इंग्रजी मुलखात, म्हणजे वऱ्हाडात किंवा नगरकडे जाणं. ते रझाकार पगारी सैनिक नव्हते, स्वयंसेवक होते. लातूरला वकिली करणाऱ्या कासिम रझवीच्या भाषणांवर त्यांचा पूर्ण विश्वास होता. निजामाच्या पगारी फौजेने पाच दिवसांत शस्त्र खाली ठेवलं, सेनापती एल इद्रूस १८ सप्टेंबर १९४८ ला जनरल चौधरींना शरण गेले. हट्ट होता तो या श्रद्धावंतांचा. म्हणजे पटलेलं असणं हा काही पुण्याचा दाखला नाही. काय पटलं आहे, ते बघावं लागतं.

आणि या गोष्टीचा दुसरा भागही सांगायला हवा, तो आपण १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनात सांगत नाही. पोलीस ॲक्शननंतर सूड सुरू झाला. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना चौकशीला पाठवलं. त्यांच्या अहवालाचा अंदाज असा की त्या दिवसांत सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान, आणि सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना बसली. काही ठिकाणी जवानांनी लोकांना वाचवलं, आणि काही ठिकाणी वर्दीतल्याच माणसांनी लुटायला साथ दिली, असंही त्यात लिहिलं आहे. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. मुक्ती खरी होती, हवीच होती. मीही तो दिवस अभिमानाने साजरा करते. पण योग्य कामासाठी गेलेला हातसुद्धा अयोग्य करू शकतो, आणि त्याचा हिशेब झाकून ठेवला की तो फिटत नाही.

आता आपल्या धर्माकडे येते. काही जणींना वाटतं, जैनाने या विषयात पडूच नये. पण आपल्या शास्त्रकारांनी श्रावकासाठी हिंसेचे चार भाग केले: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. ठरवून, मुद्दाम केलेली संकल्पी हिंसा श्रावकाने सर्वथा सोडायची. घरादाराच्या, देशाच्या रक्षणासाठी नाइलाजाने होणारी विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्ण टळत नाही. श्रवणबेळगोळची गोमटेश्वराची मूर्ती उभी करणारे चामुंडराय स्वतः गंग राजांचे सेनापती होते.

श्वेतांबर आगमांतल्या भगवतीसूत्रात वरुण नावाच्या श्रावकाची कथा आहे. वैशालीच्या लढाईत त्याला राजाज्ञेने रणात जावं लागलं. त्याने नियम घेतला, जो आधी माझ्यावर वार करील त्याच्यावरच मी वार करीन. समोरचा योद्धा म्हणाला, मार. वरुण म्हणाला, आधी तू. बाण लागल्यावर त्याने उलट बाण सोडला. मग स्वतः मरणाच्या दारात असताना रणाबाहेर गेला, घोडे सोडून दिले, सगळ्यांचा त्याग केला आणि समाधीने देह ठेवला. तो देवलोकात गेला. तिथेच गौतमस्वामी विचारतात, रणात मेलेले सगळे स्वर्गात जातात असं लोक म्हणतात, ते खरं का? भगवान म्हणतात, नाही, तसं नाही. मैत्रिणींनो, अडीच हजार वर्षांपूर्वी हे सांगायला केवढं धैर्य लागलं असेल. वरुणाला राजाचं युद्ध पटलं होतं की नाही, कथा सांगत नाही. त्याने स्वतःच्या हातापुरती मर्यादा पटवून घेतली होती.

आणि भरत-बाहुबली आपल्या पाठशाळेतल्या मुलांनाही पाठ आहेत. दोन्हीकडच्या फौजा समोरासमोर आल्या तेव्हा मंत्र्यांनी विचार केला की भांडण दोन भावांचं, मग इतरांनी का मरायचं? दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध, तिघांतही लढले ते दोघेच. आपण या कथेत बाहुबलींचं वैराग्य बघतो, बघावंच. मला त्या नाव नसलेल्या मंत्र्यांचंही कौतुक वाटतं. हजारो शिपाई त्या दिवशी संध्याकाळी घरी जेवले असतील, ते कुणीतरी वेळेवर प्रश्न विचारला म्हणून.

तो प्रश्न आज कुणी विचारायचा? राजा आता एक नाही. मत देणारी प्रत्येक बाई त्या सिंहासनाच्या एका कोपऱ्यावर बसलेली आहे.

मी बी.कॉम. केलं तेव्हा मर्कंटाईल लॉ हा विषय होता. १८७२ च्या करार कायद्यात मालक आणि एजंट यांचं प्रकरण आहे. एजंट जे करतो त्याचं देणं मालकाला लागतं. एजंटने न विचारता केलेलं काम मालकाने मागाहून मान्य केलं, तर ते जणू आधीच सांगितलेलं धरलं जातं. एकाच व्यवहारातला सोयीचा भाग मान्य आणि गैरसोयीचा नाही, असं चालत नाही. मान्य केलं तर सगळंच. आणि आणखी एक कलम आहे, ते मला फार आवडतं: ज्याला व्यवहाराची खरी माहितीच नाही, त्याची मान्यता वैध नाही.

आपल्या तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायातही हाच हिशेब आहे, फक्त खातं कर्माचं. कृत, कारित, अनुमत. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि केल्याला मान डोलावलेलं. संरंभ, समारंभ, आरंभ असे तीन. मन, वचन, काया तीन. कृत, कारित, अनुमत तीन. आणि कषाय चार. गुणाकार करा, १०८ येतात. आपण माळ ओढतो ती याच खात्यांची. सैनिकाचं कृत आहे, सरकारचं कारित आहे, आणि हातात मोबाईल धरून बसलेल्या आपलं अनुमत आहे. हे तिसरं खातं कोरं राहत नाही.

२०२५ च्या मे महिन्यात, पहलगामच्या हल्ल्यानंतर आपल्या फौजेने कारवाई केली. २६ निरपराध माणसं मारली गेली होती, राग येणं साहजिकच. विरोधी हिंसेची वेळ आली नव्हती असं मी म्हणत नाही. पण ग्रुपवर काय काय फिरत होतं ते आठवा. अमुक शहर बेचिराख झालं, तमुक बंदर संपलं, आता थांबू नका. त्यातलं कितीतरी खोटं निघालं. १० मेला गोळीबार थांबला तर काही जणींना वाईट वाटलं, का थांबले म्हणून. पर्युषणात कांदा-बटाटा न खाणारी, पाणी गाळून पिणारी आपण माणसं. त्यात अनुमोदनेचा किती दोष लागला असेल?

आणि खरं सांगू? आपल्या भागातल्या आपल्या समाजातून फौजेत गेलेली मुलं बोटांवर मोजण्याइतकी. आपली मुलं पुण्यात आयटीत, सीए करतात, दुकान बघतात. रणात जाणारा पोरगा शेजारच्या वाडीचा, कोरडवाहू घरचा. त्याच्या आईने "लढा" म्हणावं, तिला अधिकार आहे. त्याच्या जिवावर आपण सोफ्यावर बसून शूर होणं मला पटत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. सैनिकाला पटलेलं असतं का, हा प्रश्न त्याला विचारू नका. त्याने शपथ घेतली आहे, ती तो पाळतो. ज्याला नाही म्हणायची मोकळीक आहे त्याने पटवून घ्यायचं असतं, आणि ती मोकळीक आपल्याकडे आहे. कुठली मोहीम, कशासाठी, कधी संपणार, किती घरं उजाडणार, हे उमेदवाराला, खासदाराला विचारणं म्हणजे फौजेचा अपमान नाही. हिशेब तपासणाऱ्याला दुकानाचा शत्रू म्हणत नाहीत.

लगेच करता येतील अशा दोन गोष्टी सुचवते. युद्धाच्या बातमीची खातरजमा झाल्याशिवाय ती पुढे पाठवायची नाही, असा नियम वर्षभरासाठी घ्या. छोटा आहे, पण मनाला अवघड जातो. आणि गावात, वाडीत जो माजी सैनिक असेल, त्याच्या घरी कधी जाऊन बसा. तो जिंकून आला की धोरण फसलेल्या मोहिमेतून आला, हे बघू नका. हार घालून फोटो काढण्यापेक्षा पेन्शनचं, दवाखान्याचं काही अडलं आहे का, ते विचारा. कागदपत्रं आपल्यापैकी कित्येकींना चांगली कळतात.

२०२४ साली १७ सप्टेंबर आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आले होते. सकाळी मुक्तिसंग्रामाचा झेंडा आणि लगेच पाठोपाठ क्षमावाणी. खम्मामि सव्वजीवाणं म्हणताना त्या सर्व जीवांत सीमेच्या अलीकडचा जवान येतो, पलीकडचाही येतो, आणि १९४८ सालची दोन्हीकडची माणसं येतात. तेवढं लक्षात ठेवून म्हणू या.